पलीकडच्या गावाची कार्डं

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. म्हणून आधीच माफी मागतो. लिहिणारी माणसं वेगळी असतात, असं मी लहानपणापासून समजत आलो. आमच्या घरात कागद यायचा तो रेशनचा नाहीतर शाळेचा, आणि दोन्ही वेळा तो वाचून दाखवायला मलाच हाक मारायचे. पुढे नाशिकला कॉलेजात आलो, कॉम्प्युटर शिकलो. पण तिथे लिहायचं असतं ते मशीनसाठी. माणसांसाठी लिहायची सवय मला नाही.

शिवाय यात माझ्या धाकट्या बहिणीच्या घरातली गोष्ट आहे. ती तिची आहे, माझी नाही. लिहू का, असं तिला विचारलं तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "लिही की. मला कुठं वाचायचंय." यात होकार किती आणि टोमणा किती, ते मला कळलं नाही. मी होकार धरून चाललो आहे.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि आदिवासी मुलांच्या वसतिगृहात राहत होतो. कॉलेज सकाळचं असायचं. दुपारी मी एका ट्रस्टच्या दवाखान्यातल्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कॉम्प्युटरवर बसायचो. ते काम मला मिळालं ते माझ्या गावामुळे. लॅबची गाडी पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर जाऊन लोकांचं रक्त घ्यायची, आणि पाड्यांची, माणसांची नावं न चुकवता लिहिणारा कुणीतरी त्यांना हवा होता. शहरातली मुलं आमची आडनावं पाहिजे तशी लिहायची, मग एकाच्या रक्ताचा निकाल दुसऱ्याच्या दारात जायचा.

ती तपासणी सिकलसेलची होती. आमच्या डोंगरातल्या माणसांत हा आजार रक्तातून चालत येतो. ज्याच्या वाट्याला तो अर्धाच आला त्याला वाहक म्हणतात. त्याला सहसा काही होत नाही. तो राबतो, चढ चढतो, म्हातारा होतो. पण नवरा आणि बायको दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल पुरा आजार घेऊन येण्याची भीती असते. म्हणून लॅब प्रत्येकाला एक कार्ड द्यायची. पांढरं म्हणजे रक्तात काही नाही. अर्धं पांढरं, अर्धं पिवळं म्हणजे वाहक. सगळं पिवळं म्हणजे आजार.

लॅबचे डॉक्टर, त्यांना आम्ही सर म्हणायचो, प्रत्येक पाड्यावर तेच सांगायचे, "लग्न ठरवताना कुंडली राहू द्या बाजूला. कार्ड जुळवा, कार्ड!"

एकदा एक म्हातारी उठून म्हणाली होती, "आमच्यात कुंडली नसतेच डाक्टर. तुमच्यातलं तुम्ही बघा." सर मनापासून हसले होते. मला ते त्या दिवशी फार आवडले.

माझ्या बहिणीचं कार्ड अर्धं पिवळं आलं. मी ते स्वतः छापलं आणि घरी घेऊन गेलो. काय सांगायचं ते वाटेत एसटीत घोकत होतो. तिने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "अर्धी हळद आत्ताच लागली म्हण की मला." आई ओरडली तिच्यावर. मग तिने ते बांगड्यांच्या डब्यात, तळाशी ठेवून दिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिची सुपारी फुटली. मुलगा डोंगरापलीकडच्या गावातला होता. दोघं एकमेकांना आधीपासून ओळखत होते, बाजाराच्या दिवशी बोलायचे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी काढत नव्हतं. मुलगा शांत, कामाचा. मला तो आवडला होता. फक्त त्याच्या गावात लॅबची गाडी अजून गेलेली नव्हती.

गाडी गेली पितृपक्षात. त्या दिवसांत दवाखान्यात गर्दी कमी असते, म्हणून लांबच्या गावांची शिबिरं तेव्हा लागायची. मी गाडीबरोबर होतो. अख्ख्या गावाने रांगेत उभं राहून रक्त दिलं. त्यानेही दिलं. दंड पुढे करताना माझ्याकडे बघून म्हणाला, "पाहुण्यांच्या समोर ओरडायची पण सोय नाय." रांगेतली पोरं हसली.

ते रक्त नाशिकला येऊन मशीनमध्ये गेलं आणि निकाल मशीनमधून थेट सर्व्हरवर गेले. सरांनी एकेक निकाल तपासून पुढे सोडल्याशिवाय तो आम्हाला दिसायचा नाही. पलीकडच्या गावाचे निकाल अजून सरांनी पाहिले नव्हते. "दसरा होऊ दे, मग त्या गावाची कार्डं काढू," ते म्हणाले. तेवढंच बाकी होतं. त्याचं कार्ड पांढरं निघालं तर बहिणीच्या अर्ध्या पिवळ्याला काही अर्थच उरणार नव्हता. मी मनात ते पांढरंच धरून ठेवलं होतं.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते तो भाग. मी इंजिनियर नाही. जेवढं समजलं तेवढंच सांगतो. आमच्या सर्व्हरमध्ये चार डिस्क होत्या, प्रत्येक वेगळ्या कप्प्यात, पुढून दांडी धरून ओढली की ड्रॉवरसारखी बाहेर येणारी. आत एक कंट्रोलर नावाचा भाग होता. तो या चारांना एकत्र बांधायचा, आणि कॉम्प्युटरला वाटायचं की आपल्याला एकच मोठी डिस्क आहे. माहिती चौघींवर तुकडे करून ठेवलेली असायची, अशी की एक मेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचं काम भागावं. या बांधणीला रेड म्हणतात. दवाखान्याला कुणीतरी सांगितलं होतं की रेड आहे म्हणजे काळजी नको. आम्हीही काळजी केली नाही.

खंडेनवमीला लॅबमध्ये पूजा असायची. आमच्या घरीही त्या दिवशी विळे, कोयते धुऊन भिंतीशी मांडतात आणि कुणी त्यांना कामाला लावत नाही. त्यामुळे लॅबमधली पूजा मला परकी वाटत नव्हती, उलट बरं वाटायचं. टेबलं पुसली, मायक्रोस्कोप पाटावर आले, रक्त फिरवायच्या मशीनला झेंडूचा हार घातला. सर्व्हर बंद करून मी त्याची धूळ झटकली. लॅबमधल्या तंत्रज्ञ ताई हळदीकुंकवाचं तबक घेऊन आल्या आणि सर्व्हरच्या डब्याला बोट लावणार, तेवढ्यात सर म्हणाले, "थांबा थांबा. तलवार म्यानात ठेवून पूजा करतात का? खरं शस्त्र तर आत आहे."

आणि त्यांनी दांड्या धरून चारही डिस्क बाहेर काढल्या.

ताई म्हणाल्या, "सर, काही होणार नाही ना?"

"बंद आहे तो. आणि बाहेर यावं म्हणूनच तर दांड्या दिल्यात."

चौघी लाल कापडावर ओळीने मांडल्या. ताईंनी फार जपून कुंकू लावलं, एकीच्याही भोकात कण जाऊ दिला नाही. सरांनी नारळाचं पाणी लांबच शिंपडलं. धूळ, पाणी, कुंकू, सगळ्याची आम्ही काळजी घेतली. पूजा झाल्यावर पाट उचलायची घाई झाली, कुणी डिस्क एकीकडे सरकवल्या, कुणी त्यावरची फुलं गोळा केली, आणि सरांनी चारही परत कप्प्यांत सरकवल्या. प्रत्येक व्यवस्थित बसली. टक असा आवाज आला. कोणती कुठून निघाली होती, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. चौघी दिसायला सारख्याच होत्या. मग आम्ही प्रसादाच्या करंज्या खाल्ल्या.

दसऱ्यानंतर लॅब उघडली तेव्हा सर्व्हर सुरू होईना. नुसता ओरडत राहिला, एकसुरी, थांबून थांबून.

कंपनीचा इंजिनियर अंबडहून आला. हसऱ्या चेहऱ्याचा तरुण माणूस, बोलण्यात अर्धी हिंदी. कप्प्यांवर कुंकू बघून म्हणाला, "सर, देवाला पण कळलं पाहिजे ना कुठल्या पोर्टवर यायचं!" सगळे हसले. पडद्यावर इंग्रजीत एक प्रश्न आला होता. जुनी बांधणी जुळत नाही, आत्ता आहे तशी मान्य करू का, अशा अर्थाचा. त्याने बोलता बोलता 'हो' दाबलं. ओरडणं थांबलं. आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं. पण कॉम्प्युटर काही पुढे सरकला नाही.

"टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "बॅकअप आहे ना? रिकव्हरी सीडी आहे ना? मग झालं."

बॅकअप एका बाहेरच्या डिस्कवर होता, आणि तो मशीनवर परत उतरवून देणारी सीडी कपाटात. सरांनी विचारलं, "बॅकअप गणपतीतला आहे. त्यानंतरचं काय?"

"त्यानंतरचं या चौघींवर असेल सर. आधी सीडीला त्या दिसू द्या. मग नवीन माल बाहेर काढून घेऊ, जुना वरून उतरवू. सगळं मिळेल."

पलीकडच्या गावाचं शिबिर गणपतीनंतरचं होतं. म्हणजे त्याचा निकाल त्या चार डिस्कवर होता, दुसरीकडे कुठेही नव्हता. कागदावर फक्त नावं होती. रक्ताच्या नळ्या नियमाप्रमाणे केव्हाच टाकून दिलेल्या. मी सीडी घातली आणि बघत उभा राहिलो.

सीडी फिरली, निळा पडदा आला, बॅकअपची बाहेरची डिस्क तिला लगेच दिसली. कुठे उतरवायचा, असं विचारून तिने शोधलं आणि लिहिलं की या संगणकात एकही हार्ड डिस्क नाही.

इंजिनियरने पुन्हा सुरू केलं. कंट्रोलरचा आपला वेगळा पडदा असतो, तो सुरुवातीला क्षणभर येतो. त्यात चारही डिस्क दिसत होत्या, चारही ठीक. सीडी लावली की एकही नाही. जणू घरात माणसं बसलेली दिसतायत आणि दार उघडून आत गेलं की कोणी नाही. त्याने सीडी दुसऱ्या कॉम्प्युटरवर नवीन करून आणली. तेच. सीडीचा ड्राइव्ह बदलला, केबली काढून परत लावल्या. तेच. मग कंट्रोलर बाजूला ठेवून डिस्क सुट्या दाखवता येतील का पाहू म्हणाला, पण सर म्हणाले की सुट्या करून आणखी काही बिघडलं तर? तेव्हा त्याने तो विचार सोडला आणि कंपनीला विचारून येतो म्हणून गेला. कंपनी त्याला दुसऱ्या कुणाला तरी विचारायला सांगायची. दिवस जात राहिले. दवाखान्यातले निकाल ताई हाताने लिहून देत होत्या आणि बाहेर बाकांवर लोक बसून असायचे.

त्या आठवड्यात मी गावी गेलो. बहिणीला सांगितलं की कार्डांना उशीर होतोय.

"किती?"

"माहीत नाही. कदाचित येणारच नाहीत."

ती मग म्हणाली, "मग त्याचं परत घे ना रक्त. तुझ्याच लॅबात जायचंय."

"तो देईल?"

"विचार. मी कशी विचारू?"

तो तेव्हा निफाडकडे होता. दसऱ्यानंतर द्राक्षाची छाटणी सुरू होते आणि आमच्याकडची माणसं टोळीने तिकडे उतरतात. मी एसटीने गेलो, बाग शोधत शोधत पोचलो. टोळी छाटून पडलेल्या काड्या गोळा करत होती. मला बघून त्याने कात्री खाली ठेवली, पाणी दिलं. त्याचा चुलता टोळीचा मुकादम होता, तोही जवळ येऊन बसला. बाकीचे काम करता करता कान देऊन होते.

मी सगळं सांगितलं. सर्व्हर, डिस्क, सीडी. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटत होतं. शेवटी म्हणालो, "तुम्ही एकदा नाशिकला आलात तर परत तपासता येईल. थेंबभर लागतं."

वेलीआडून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "पाहुणा माल तपासायला आलाय रं! दात पण बघून घे म्हणावं!"

हशा पिकला. तो हसला नाही. चुलत्याने तंबाखू मळत मला विचारलं, "तुमच्या पोरीच्या कार्डावर पिवळं हाय ना?"

"हो. अर्धं."

"ते आम्ही कधी काढलं?"

"नाही."

"अख्ख्या गावानं रक्त दिलं तवा यानं पण दिलं. तवा कुणी याच्याकडं बोट नाय दाखवलं. आता ह्याच्या एकट्याचंच मागायचं, म्हंजे ह्याच्यातच काय तरी खोट हाय असंच झालं ना? लोक काय म्हणतील, पोरगीवाले मागं सरायला बघतात."

चुलता माझ्या भल्यासाठी विचारत नव्हता, पण चुकीचंही बोलत नव्हता. आमच्यात रक्त द्यायला लोक भितात. गाव मिळून दिलं तर ते चालतं. एकट्याने दुसऱ्यांदा द्यायचं म्हणजे आपण होऊन आजारी ठरायचं. शिबिराच्या वेळी ही गोष्ट सरांनाही मी समजावून सांगितली होती.

तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. एसटी दिसली तेव्हा म्हणाला, "काकाच्या पुढं मला जाता येत नाय. पण मी पळत नाय. माझं रक्त तुमच्याकडंच हाय ना? कार्ड आलं की दाखवतो. जे असंल ते. पिवळं असलं तरी दाखवतो."

"आणि पिवळं असलं तर?"

"मग ती सांगंल तसं."

त्या दिवशी परतताना मला पहिल्यांदा वाटलं की सगळं माझ्या हातात आहे. सीडीला त्या डिस्क दिसल्या की पुरे.

मी कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत बसू लागलो. इंग्रजी मला हळू वाचता येतं. परदेशातली माणसं तिथे आपापल्या अडचणी लिहीत आणि दुसरी उत्तरं देत. एका ठिकाणी कुणीतरी अगदी आमचीच अडचण लिहिली होती: कंट्रोलरला डिस्क दिसतात, रिकव्हरी सीडीला दिसत नाहीत. खाली उत्तर होतं. डिस्क ठीक आहेत, सीडीला तुमच्या कंट्रोलरची भाषा येत नाही. सीडी बनली तेव्हा तो कंट्रोलर बाजारात नव्हता. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ती भाषा शिकवणारी फाइल, फ्लॉपीवर घ्या आणि सीडी सुरू होताना ती सांगेल तेव्हा द्या.

मी इंजिनियरला फोन केला. तो खूश झाला, म्हणाला, "अरे, मीही त्याच्यापर्यंतच आलो होतो, फक्त कुठला ड्रायव्हर ते कळत नव्हतं." आम्ही दोघांनी मिळून तो शोधला. पहिली फ्लॉपी खराब निघाली. दुसऱ्या फ्लॉपीवरच्या ड्रायव्हरला सीडीने नकार दिला, तो दुसऱ्याच मॉडेलचा होता. तिसरी घातली. फ्लॉपीचा तो करकर आवाज बराच वेळ चालला. ताई हातातलं काम सोडून मागे येऊन उभ्या राहिल्या. सर आले.

आणि पडद्यावर एक डिस्क आली. एकच, मोठी. चारांची मिळून झालेली.

"दिसली!" ताई म्हणाल्या. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. इंजिनियरने सरांशी हात मिळवला. मी खुर्चीवर बसलो. मनात मी ते पांढरं कार्ड छापत होतो.

इंजिनियरने त्या डिस्कच्या आत जायला बटण दाबलं. आतल्या फायली दिसायला हव्या होत्या. सीडीने सांगितलं की ही डिस्क कोरी आहे, वापरण्याआधी तयार करून घ्यावी लागेल.

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तो शेवटी उठून सर्व्हरच्या पुढे गुडघ्यांवर बसला आणि एकेक कप्पा ओढून मागची बाजू बघू लागला. प्रत्येक डिस्कच्या मागे कारखान्यात बसवताना लिहिलेला बारीक आकडा होता. आम्ही कुणी तो कधी पाहिला नव्हता.

"सर," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातली हिंदी गेली होती. "या डिस्क तुम्ही काढल्या होत्या का कधी?"

ताईंनी पदराने हात पुसले. सर म्हणाले, "पूजेला."

"क्रम बदललाय. दुसरी पहिलीच्या जागी आहे." त्याने कप्पा परत आत ढकलला. "आणि मी त्या दिवशी हो दाबलं. तेव्हापासून कंट्रोलर या चुकीच्या क्रमानं सगळं नव्यानं लिहीत बसला असणार."

आम्ही डिस्क मूळ क्रमाने लावून पाहिल्या. काही झालं नाही. त्याने पुण्यातल्या एका माणसाला फोन लावला, गेलेली माहिती काढून देणाऱ्या. त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की हो दाबल्यावर मशीन किती चाललं. आम्ही सांगितलं. तो म्हणाला, मग पाठवू नका, आत काही उरलं नसणार.

सर खाली मान घालून त्या लाल कापडाच्या पाटावर बसले, पाट अजून तिथेच भिंतीशी होता. ते मला म्हणाले, "तुझ्या बहिणीचं ठरलंय ना त्या गावात?" त्यांना माहीत होतं. मी कधी सांगितलं होतं, मला आठवत नाही. "मला माफ कर रे," ते म्हणाले. माझ्या वडिलांएवढा माणूस. मी म्हणालो, "सर, बाहेर पेशंट बसलेत."

मग गणपतीतला बॅकअप उतरवला. सीडीला आता सगळं दिसत होतं. पडद्यावर एक पट्टी भरत गेली, भरली, सर्व्हर सुरू झाला आणि जुनी गावं एकेक परत आली. माझं गाव, बहिणीचं नाव, तिच्यापुढे वाहक. पलीकडच्या गावाचं नाव टाकून पाहिलं. नोंद नाही. जवळपासची दोन-तीन स्पेलिंगं टाकली. नोंद नाही.

सरांनी हिवाळ्यात पलीकडच्या गावात पुन्हा शिबिर लावलं. स्वतः आले. बायाबापड्यांनी विचारलं, "आधीचं कुठं गेलं आमचं रक्त? विकलं का?" सरांनी खरं काय ते सांगितलं, पूजेसकट. कुणाचा विश्वास बसला नाही. म्हाताऱ्या आणि लहान पोरं एवढीच आली. जवान माणसं निफाडला, बागांत होती.

मी बहिणीला पुन्हा एकदा सगळं समजावलं. दोघं वाहक असले तर काय होतं, मूल कसं आजारी पडतं. तिने ऐकून घेतलं.

"तो काय म्हणाला होता?"

"कार्ड आलं की दाखवतो म्हणाला."

"मग कार्ड आण."

"ते आता नाही येणार."

"मग तो खोटा तर नाय ना पडला?" ती म्हणाली. "त्यानं दिलं होतं. हरवलं तुम्ही." आणि थोड्या वेळाने, जरा मऊ होऊन, "दादा, पांढरं पण असंल की रे. तू आधीच रडायला लागलास."

उन्हाळ्यात लग्न झालं. तो मांडवात मला भेटला तेव्हा आम्ही दोघंही त्याबद्दल बोललो नाही. मी त्याला आता दाजी म्हणू लागलो.

पुढे मी एम.एस्सी.ला गेलो. लॅब सोडली नाही. नवीन सर्व्हर आला. पूजेला त्याला बाहेरूनच हार घालतात, आणि बॅकअप रोज घेतला जातो, मी स्वतः घेतो. बहिणीला मुलगी झाली. गोरी नाही, काळी नाही, आमच्या आईसारखी. तिला सारखा ताप यायचा. मग एकदा बहिणीने फोनवर सांगितलं की पोरीचे हातपाय सुजलेत, हात लावू देत नाही. मला त्या सुजेचं पुस्तकातलं नाव माहीत होतं. मी ते उच्चारलं नाही. म्हणालो, सरांकडे घेऊन या, तिघं या. तेव्हा चुलता वारला होता, अडवणारं कुणी नव्हतं.

त्यांनी येऊन रक्त दिलं त्या दिवशी माझ्या पेपरची तारीख होती, मी लॅबमध्ये नव्हतो. निकाल ताईंनीच काढले. मला फोन केला नाही. नंतर त्या म्हणाल्या, धीर झाला नाही.

संध्याकाळी दाजी वसतिगृहाच्या फाटकाशी उभे दिसले. बहीण आणि मुलगी दवाखान्यातच होत्या, मुलीला ठेवून घेतलं होतं. त्यांनी खांद्यावरची पिशवी पुढे घेतली, आतून दोन कार्डं काढली. एक त्यांचं, अर्धं पांढरं, अर्धं पिवळं. दुसऱ्यावर पांढरं कुठेच नव्हतं.

"दाखवतो म्हणालो होतो," ते म्हणाले.